मनातल्या माणसाचे दोन गुण

३ जुलै, सोमवार

गेल्या वर्षी लीग जिंकलो, पण कुणाला का निवडलं होतं ते यंदा काही केल्या आठवेना. म्हणून ही वही. निवडीला चार आठवडे उरलेत.

खेळ असा. आमच्या धुलाई कारखान्यातले आठ जण मिळून फुटबॉलची फॅन्टसी लीग चालवतो. खेळाडू खरे, सामने खरे, फक्त संघ आमचे कागदावरचे. एका रविवारी सगळे ताईच्या घरी जमतात, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो आणि एकेक जण एकेक खेळाडू उचलतो. एकाने उचललेला दुसऱ्याला मिळत नाही. मग त्या खेळाडूने वर्षभर मैदानात जे केलं त्याचे गुण आपल्या नावावर. पैशाचा संबंध नाही. जो शेवटचा येईल त्याने वर्षभर सुकवण्याच्या यंत्रांच्या जाळ्यांतला कपड्यांचा भुगा काढायचा. यंदा ते काम लंबूकडे होतं. लंबू आमच्या गाडीचा ड्रायव्हर, हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी आणतो-नेतो. बिचारा वर्षभर शिंकतोय.

मी हजेरीच्या खिडकीत बसतो. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, कोण आजारी. ही नोकरी दाजींनी लावून दिली. दाजी म्हणजे ताईचे यजमान, मोठ्या इस्त्री यंत्रावर एकोणीस वर्षं. ऑफसाइड म्हणजे काय हेही त्यांनीच मला शिकवलं, जेवणाच्या ताटात वाट्या सरकवून. रात्रीचं जेवण अजून मी त्यांच्याकडेच जेवतो. ताई म्हणते, तुझं लग्न होईल त्या दिवशी माझ्या एका वाटीची सुटका होईल.

५ जुलै, बुधवार

पद्धत लिहून ठेवतो. दोन रकाने. डावीकडे 'सोनूबाई': नाव मोठं, हाती कथलाचा वाळा. उजवीकडे 'झाकलं माणिक'.

सोनूबाईचा नमुना म्हणजे तो गाजलेला नऊ नंबर. गेल्या मोसमात बावीस गोल, पोरं त्याच्यासारखे केस कापून फिरतात. पण त्या बाविसांतले नऊ पेनल्टीवरचे, आणि नव्या प्रशिक्षकाने पेनल्टी दुसऱ्याला दिल्यात. शिवाय फेब्रुवारीपासून तो वळताना डाव्या पायावर भार टाकत नाही. दुखणं लपवतोय. लोक गोल बघतात, मी वळणं बघतो.

माणकाचा नमुना: तळाच्या संघातला एकतीस वर्षांचा डावा बचावपटू. त्याच्या शेजाऱ्यालाही तो फुटबॉल खेळतो हे माहीत नसेल. पण सगळे कॉर्नर तो मारतो आणि तीन वर्षांत त्याचा एक सामना चुकलेला नाही. मैदानात हजर असणं ही अर्धी कला आहे. हजेरीवाल्याइतकं हे कुणाला कळणार?

आणि सगळ्यात मोठा नियम, ज्याच्या जोरावर मागच्या वर्षी जिंकलो: खेळाडू आपल्या आवडत्या क्लबचा असला तर त्याचे दोन गुण कापायचे. मनातला माणूस आहे त्यापेक्षा नेहमी मोठा दिसतो.

हे लिहीत असतानाच चहाच्या कोपऱ्यात नवे साहेब आले. वही झाकायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. बघू तरी." उभ्या उभ्या चार पानं वाचली. साहेब येऊन तीनच आठवडे झालेत. आधीचे साहेब एका शुक्रवारी गेले ते सोमवारी आलेच नाहीत, मग हे आले.

८ जुलै, शनिवार

साहेबांना लीगमध्ये घ्यायचं ठरलं. म्हणजे त्यांनी विचारलं, आणि साहेबाला नाही कोण म्हणणार? आता आम्ही नऊ.

जेवताना दाजींना सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलला आणि म्हणाले, "ज्योतिषीबुवा, साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये. म्हण जुनी आहे, पण लाथ ताजीच बसते."

"अहो, फुटबॉल आवडतो त्यांना."

"आवडू दे की. कुठला संघ आवडतो म्हणाले?"

ते काही साहेब बोलले नव्हते. मीही विचारलं नव्हतं.

१२ जुलै, बुधवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. सात वर्षांत त्या केबिनमध्ये मी पहिल्यांदा बसलो.

म्हणाले, "तुमची ती वही डोक्यातून जाईना. आपल्या हॉलमध्ये चौतीस माणसं आहेत. समजा त्यांचीच निवड मांडली, तर पहिलं नाव कुणाचं घ्याल?"

मला हसू आलं, पण उत्तर तोंडातून निघूनच गेलं. "घडीच्या टेबलावरच्या मावशी."

"त्यांचं वय काय?"

"अठ्ठावन्न. पण मावशींच्या हातून गेलेली चादर कधी परत आलेली नाही. बाकीच्यांच्या शंभरात चार येतात."

त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, "सगळ्यांची करून द्याल का अशी यादी? मी नवीन आहे, मला तोंडओळखसुद्धा नाही. तुम्ही रोज खिडकीतून सगळं बघता. तुमच्यासारखी नजर या इमारतीत दुसऱ्या कुणाला नाही."

हे शेवटचं वाक्य घरी येईपर्यंत चार वेळा मनात म्हटलं. खोटं का लिहू?

१३ जुलै, गुरुवार

चहाड्या केल्यासारखं होईल का? पण चहाडी म्हणजे वाईट सांगणं. मी तर दबून राहिलेल्यांचं चांगलंही सांगणार आहे. या हॉलमध्ये पिकतं तिथं विकत नाही अशीच गत आहे. त्यांचं कुणीतरी सांगायलाच हवं.

१६ जुलै, रविवार

दिवसभर बसून यादी केली. पाठ मोडली, पण मजा आली. वीसपैकी गुण: कामाचे दहा, हजेरीचे पाच, किती यंत्रं चालवता येतात त्याचे पाच. समोर एकेक ओळ.

मावशींना अठरा. शिव्या घालत फिरणाऱ्या बॉयलरवाल्याला सोळा, कारण तो तोंडाने फाटका असला तरी हाताने सोनं आहे. लंबूला चौदा, शिंकांसकट.

झाकलं माणिक म्हणून मनापासून जिचं नाव लिहिलं ती अबोली. फारशी बोलत नाही म्हणून हॉलने ठेवलेलं नाव. दाजींच्या डाव्या बाजूला उभी असते. मोठ्या इस्त्रीला समोरून दोन माणसं लागतात. ओल्या चादरीचा एकेक कोपरा धरायचा, झटकायची आणि गरम रोलरवर सरळ लावायची. जरा तिरपी गेली की चादर अडकते. अबोली येऊन नऊ महिने झाले, पण तिच्या कामाला नऊ गुण दिले. हजेरीला दोनच, कारण लेक दोन वर्षांची आहे, मध्ये आठवडाभर तापाने होती, आणि ठोक्याला पाच वाजता निघते. यंत्र एकच येतं, त्याचा एक. एकूण बारा.

मग दाजी. इथे पेन थांबलं. सगळा हॉल म्हणतो दाजींशिवाय इस्त्री चालत नाही. पण मी वळणं बघणारा माणूस. हिवाळ्यापासून दाजींचा उजवा खांदा उठत नाही. मलम मीच आणून देतो. त्यांच्या कोपऱ्याचा भार अबोली स्वतःकडे ओढून घेते, न बोलता, आणि लोकांना वाटतं दाजींचा हात चालतोय. प्रामाणिकपणे कामाला चार. हजेरी पाच, यंत्रं चार. तेरा.

आणि नियम तो नियम. मनातल्या माणसाचे दोन कापले. अकरा. समोर लिहिलं: 'उजवा खांदा, हिवाळ्यापासून, लपवतात. भार अबोलीवर.' रकाना सोनूबाई.

जरा वाईट वाटलं. पण दाजींनीच शिकवलंय, पंचाने घरचा संघ ओळखू नये.

१९ जुलै, बुधवार

यादी दिली. साहेबांनी माझ्यासमोर पूर्ण वाचली. दाजींच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे तुमचे मेहुणे ना? आणि तरी दोन गुण कापलेत?"

"कापावे लागतात, साहेब. नाहीतर यादीला अर्थ नाही."

"वा," म्हणाले. नुसतं वा. मग विचारलं, "संघात खेळणारे अकराच असतात, नाही का? बाकीचे बाकावर. मग बाकावर इतके कशाला लागतात?"

मी म्हटलं, कुणी जखमी झालं तर. ते हसले आणि यादी खणात ठेवली. खणाला कुलूप लावलं.

२२ जुलै, शनिवार

मोजायची टेप घेऊन दोन माणसं आली आणि घडीच्या टेबलांची जागा मोजत बसली. मावशींना पाय वर घ्यायला लावले. मावशी म्हणाल्या, "माझं माप घेताय का रे? शिवणार काय?" सगळे हसले. मला वाटतं नवी टेबलं येणार. मावशींचा पहिला नंबर साहेबांनी मनावर घेतलेला दिसतो.

आज ताईने मला स्वयंपाकघरात गाठलं. दाजींना डॉक्टरांनी खांद्याचं ऑपरेशन सांगितलंय. दोन महिने घरी बसावं लागेल. फुटकं नशीब म्हणाली, आता कुठे घराचं छप्पर बदललं. "ऑक्टोबरपर्यंत तरी कारखान्यात कुणाला खांद्याचं कळू देऊ नकोस हं. आधी रजा मंजूर होऊ दे. तुझ्याशिवाय आम्ही कुणाला बोललेलो नाही."

मी म्हटलं, "नाही गं."

ती यादी फक्त साहेबांच्या माहितीसाठी आहे. क्लबच्या डॉक्टरला नाही का प्रत्येकाचं दुखणं माहीत असतं, त्याने कुणाचं वाईट होत नाही. तरी भात दोनदा घेतला नाही, आणि ताईच्या ते लक्षात आलं.

२६ जुलै, बुधवार

साहेबांनी यंत्रं बंद करून सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं. यंत्रं बंद झाल्यावर हॉल ओळखूच येत नाही. पाइपातलं पाणी ठिबकताना ऐकू येतं.

म्हणाले, बदलाची वेळ आली आहे. म्हणाले, कुणावरही अन्याय होणार नाही, सगळं गुणांवर होईल. आणि मग म्हणाले, "माझा एक साधा नियम आहे. मनातल्या माणसाचे मी दोन गुण कापतो."

अक्षरन् अक्षर माझं. वही उघडून वाचावी तसं म्हणाले.

दाजींनी लंबूच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले. अबोली साहेबांकडे बघत नव्हती. रोलर गार होतोय की काय म्हणून त्याच्याजवळ हात धरून बघत होती.

मी मूर्ख आहे. टेप घेऊन आलेली माणसं, बाकावरची माणसं, कुलूप, सगळं समोर होतं. परक्या देशातल्या नऊ नंबरचा पाय मला दिसतो आणि केबिनमधला माणूस दिसला नाही.

२७ जुलै, गुरुवार

सकाळी सगळ्यांच्या आधी केबिनमध्ये गेलो. यादी परत मागितली.

साहेब अजिबात रागावले नाहीत. खुर्ची दिली. "कागद हवा तर न्या. ते सगळं आता इथे आहे," म्हणून संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. चौतीस नावं गुणांप्रमाणे वरून खाली. तेविसाव्या नावाखाली तांबडी रेघ. रेघेच्या वर शेवटचं नाव अबोली, बारा. रेघेच्या खाली पहिलं नाव दाजी, अकरा.

"सप्टेंबरात घड्या घालणारं यंत्र येतंय. अकरा जागा कमी करायच्यात, हे वरून आलंय. कुठल्या, ते मला कळत नव्हतं. तुम्ही फार मदत केलीत."

मी म्हटलं, "साहेब, ते दोन गुण. तो नियम फुटबॉलचा आहे. माणसांना तो लावायला नको होता. माझी चूक झाली."

"म्हणजे दाजींचे खरे तेरा?"

"तेरा."

"चला. चूक असेल तर दुरुस्त करू." त्यांनी अकराच्या जागी तेरा केले. दाजींचं नाव आपोआप वर सरकलं. अबोलीचं आपोआप रेघेखाली गेलं. कुणी हातही लावला नाही.

"मला नावाशी देणंघेणं नाही, जागा अकराच," साहेब म्हणाले. "ठेवू असं?"

मी हो म्हणालो. आधी इथे 'मान हलवली' असं लिहिणार होतो. पण मी हो म्हणालो, मोठ्याने.

३० जुलै, रविवार

आज निवड झाली. ताईच्या बाहेरच्या खोलीत नऊ जण, दोन खुर्च्या शेजारून आणलेल्या. चिठ्ठ्यांत साहेबांचा पहिला नंबर निघाला.

त्यांनी खुर्चीत नीट टेकून तळाच्या संघातल्या त्या डाव्या बचावपटूचं नाव घेतलं. पहिल्याच फेरीत! सगळे खो खो हसले. बॉयलरवाला म्हणाला, "साहेब, हा कोण? तुमच्या नात्यातला का?" साहेबही हसले, माझ्याकडे बघून. पुढच्या चार फेऱ्यांतही त्यांनी माझ्याच उजव्या रकान्यातली नावं घेतली, त्याच क्रमाने.

दाजींनी नऊ नंबर उचलला. मी म्हणालो, "दाजी, त्याचा पाय बरा नाही." ते म्हणाले, "माझ्या आवडीचा आहे रे. पाय काय, होईल बरा."

साहेब म्हणाले, "दाजी मनाने निवडतात."

"मग कशाने निवडायचं, साहेब?" दाजी म्हणाले. त्यावर सगळे पुन्हा हसले. ताईने साहेबांना आग्रह करकरून दुसऱ्यांदा वाढलं. मी कुणाला निवडलं ते इथे लिहीत नाही, धड आठवतही नाही.

४ ऑगस्ट, शुक्रवार

पत्रं दुपारी वाटली. अकरा पाकिटं, माझ्याच खिडकीतून, कारण सही हजेरीच्या वहीत घ्यायची होती.

अबोली सगळ्यांत शेवटी आली. पाच वाजून गेले होते. आज तिला घाई नव्हती.

"सही कुठे करू?"

जागा दाखवली. तिने पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. "साहेब म्हणाले, गुणांवर झालं. मावशी म्हणतात, गुण तुम्ही दिलेत. मला किती होते?"

"बारा."

"आणि राहायला किती लागत होते?"

खोटं बोलता आलं असतं. पण नऊ महिन्यांत तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. "बारा," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. "मग?"

मी सहीच्या रेघेवर पुन्हा बोट ठेवलं. तिने सही केली, पेन माझ्याकडे टोपण लावून परत दिलं आणि गेली.

संध्याकाळी दाजींनी दारातच मिठी मारली, एका हाताने. "वाचलो रे! तू शब्द टाकलास ना? खरं सांग." ताईने काही विचारलं नाही. नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला सोसवेना. डोकं दुखतंय म्हणून न जेवता उठलो.

जाताना दाजी म्हणाले, "सोमवारी माझ्या डावीकडे कोण देतायत बघ जरा. पोरगी फार चांगली होती. मला सांभाळून घ्यायची."

सोमवारची हजेरीची पानं शुक्रवारीच आखून होतात. इस्त्रीसमोर एकच नाव आहे.

७ ऑगस्ट, सोमवार

सात वाजता यंत्रं सुरू झाली. दाजी डावीकडे बघत थोडा वेळ थांबले. मग कळलं असावं. त्यांनी पहिली चादर दोन्ही हातांनी उचलली. ओली दुहेरी चादर, दोन माणसांची. उजवा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला. त्यांनी कोपरा दातात धरला, डाव्या हाताने दुसरा कोपरा लावला. तिरपी गेली. यंत्र थांबवून काढली. दुसरीही तिरपी गेली. तिसरीला मावशी टेबल सोडून धावल्या, तर साहेबांनी त्यांना हातानेच परत पाठवलं.

साहेब घड्याळ लावून बघत होते. अर्धा तास उभे होते. मग माझ्या खिडकीशी आले, कट्ट्यावर कोपर टेकलं आणि अगदी मित्रासारखं म्हणाले, "तुमची पहिली यादीच बरोबर होती हो. पुढची निवड महिनाअखेरीस आहे. वही घेऊन या."

त्यांच्या खांद्यावरून मला इस्त्री दिसत होती. मी बघतोय हे दाजींच्या लक्षात आलं. त्यांनी डावा हात वर करून, सगळं ठीक आहे अशी खूण केली आणि पुढची चादर घ्यायला वाकले.